गावतळ्यातील केंदाळ



पावसाळा सरून दिवाळीची चाहूल लागली की निपाणी-चिकोडीकडच्या आणि बेळगाव तालुक्यातील कितीतरी गावतळ्यांवर हिरवागार गालिचा पसरलेला दिसतो. त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात. मोटारीने जाणारा पाहुणा क्षणभर थांबून त्याचे छायाचित्रही घेतो. गावकऱ्याला मात्र त्या सौंदर्याचे कौतुक उरलेले नसते. त्या गालिच्याखालचे पाणी काळे पडले आहे, त्याला दुर्गंधी सुटली आहे आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या घरांत डासांमुळे बसणे मुश्किल होते, हे तो रोज अनुभवीत असतो. या वनस्पतीला पुस्तकांतून जलपर्णी म्हणतात. आपल्या भागात तिला केंदाळ म्हणतात; मीही आज तेच नाव वापरणार आहे.

केंदाळाविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ झालेली आहे. केंदाळ म्हणजे तळ्याला झालेला रोग; तो उपटून टाकला की तळे बरे झाले, अशी ती समजूत. त्यानुसार ग्रामपंचायत ठराव करते, यंत्र येते, चार दिवस ट्रॉल्या भरून केंदाळ निघते आणि तळ्याचे पाणी पुन्हा उन्हात चमकू लागते. पुढच्या दिवाळीला पाहावे, तर गालिचा पुन्हा जागेवर! पैसा गेला, श्रम गेले, आणि लोक म्हणू लागतात की याला काही उपायच नाही. उपाय आहे. पण तो तळ्याच्या मध्यभागी शोधून सापडणार नाही. तो गटार जेथे तळ्यास मिळते तेथे शोधला पाहिजे.

प्रथम या वनस्पतीची थोडी ओळख करून घेऊ. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. फुलांच्या मोहाने माणसांनीच ती देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली आणि काही दशकांतच तेथील जलमार्ग व भातखाचरे तिने अशी व्यापली की १९३६ साली तेथील सरकारला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. आपल्या जागेतील केंदाळ ज्याने त्याने काढलेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. केंदाळ काही कायद्याला भ्याले नाही, हे सांगावयास नकोच.

तिच्या वाढीचा हिशेब मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे. एका रोपाला आडवे धुमारे फुटतात, धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप धरते, आणि अनुकूल पाणी मिळाले तर साधारण पंधरवड्यात रोपांची संख्या दुप्पट होते. आज तळ्याचा आठवा हिस्सा झाकला असेल, तर पंधरा दिवसांनी चौथा, महिन्याने निम्मा आणि दीड महिन्याने सारे तळे झाकले जाते. निम्मे तळे मोकळे दिसते तोवर कोणाला चिंता वाटत नाही; वस्तुतः त्या दिवशी आपल्या हाती केवळ पंधरा दिवस उरलेले असतात. शिवाय फुलांपासून धरलेले बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले, काठाचा गाळ उघडा पडला आणि त्यावर पहिला पाऊस झाला, की ते रुजते. म्हणूनच एकही रोप दिसत नसलेल्या तळ्यात केंदाळ पुन्हा कोठून आले, असे कोडे लोकांना पडते.

परंतु बी आहे म्हणून पीक येतेच असे नाही, हे शेतकऱ्याला मी सांगावयास नको. पिकाला खत लागते. केंदाळाला ते कोण घालतो? आपणच घालतो, आणि दररोज घालतो.

तीन हजार वस्तीचे एखादे गाव घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेने खेड्यात माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे प्रमाण ठरविले. म्हणजे या गावात दिवसाला एक लाख पासष्ट हजार लिटर पाणी आले. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी वापरून बाहेर पडते असे स्थापत्यशास्त्र धरून चालते. तेव्हा रोज सव्वा लाख लिटरांहून अधिक सांडपाणी गटाराला लागते. हे पाणी जावयाचे कोठे? पाणी उताराने जाते, आणि गावाचा उतार बहुधा तळ्याकडेच असतो; कारण आपल्या पूर्वजांनी पावसाचे पाणी आपोआप जमावे म्हणूनच तळे तेथे बांधलेले असते. त्यातच घरोघर शौचालये झाली. हे फार चांगले झाले. पण पुष्कळ ठिकाणी मैलाकुंडीचे ओसंडणारे पाणी शोषखड्ड्यात न नेता सरळ गटारात सोडलेले आढळते. पलीकडच्या बाजूने उसाच्या फडांतील युरिया व मिश्रखते पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येतात. नत्र आणि स्फुरद यांची अशी बारमाही जेवणावळ मांडलेली असताना केंदाळाने येऊ नये तरी का?

आणखी एक बदल झाला, तो अधिक खोल आहे. गाव तळ्याचे पाणी पीत होते तोवर तळ्यावर गावाचे डोळे होते. कोणत्या घाटावर धुणे धुवावयाचे, गुरे कोठे उतरवावयाची, यांचे अलिखित नियम होते आणि ते मोडणाऱ्याला चारचौघांत बोल लावणारी माणसे होती. त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना मात्र एक गोष्ट विसरता येणार नाही. पाणी कोणी भरावयाचे आणि कोणी शिवावयाचेही नाही, हे तीच व्यवस्था ठरवीत होती. तिच्याविरुद्ध १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तेव्हा ती व्यवस्था जशीच्या तशी परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण नळ आला आणि तळे पोरके झाले, ही वस्तुस्थिती आहे. ज्या पाण्याचा थेंबही आपल्या पोटात जात नाही, त्यात गटार सोडताना मन कचरत नाही.

थेंबही पोटात जात नाही, ही समजूतसुद्धा चुकीची असू शकते. तळ्याच्या बांधाखालच्या विहिरींना बहुधा तळ्याचाच पाझर असतो. नळ बंद पडला की गाव त्याच विहिरींकडे धावते. तळ्यात मुरलेल्या नत्राचा नायट्रेट होऊन तो विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असे भारतीय मानक सांगते, आणि याचा धोका सर्वांत अधिक अंगावरच्या दुधाऐवजी पाण्यात कालविलेले दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना असतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून तो जात नाही. अशा विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तरी तपासून घ्यावे.

आता केंदाळाखाली पाण्याचे काय होते ते पाहू. स्वच्छ तळ्याच्या पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो काही वाऱ्याने मिसळतो व काही पाण्यातील सूक्ष्म वनस्पती उन्हात निर्माण करतात. केंदाळाने पृष्ठभाग झाकला की वारा अडतो, ऊनही अडते. उलट केंदाळाची जुनी पाने व मुळे कुजून तळाशी बसतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. तो तीन मिलिग्रॅमच्या खाली आला की रोहू, कटला, मृगळ हे मासे कासावीस होतात. पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नाहीत, गुदमरत आहेत असे समजावे. डासांची तर चंगळच होते. मॅन्सोनिया नावाच्या एका जातीच्या डासाची अळी श्वास घेण्यास पृष्ठभागावर येतच नाही. ती अशा पाणवनस्पतींच्या मुळांना नळी टोचून त्यांतील हवा घेते.

निपाणीहून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरच्या रंकाळ्याकडे या दृष्टीने अवश्य पाहावे. रंकाळ्यावर केंदाळ एकदा नव्हे, अनेकदा माजले आणि ते काढण्यासाठी नगरपालिकेपासून फिरावयास येणाऱ्या नागरिकांपर्यंत सर्वांनी हात लावले. पण ज्या वर्षी केंदाळ नसे, त्या वर्षी पाणी हिरव्या रंगासारखे दाट झालेले कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. ती सूक्ष्म शेवाळाची वाढ होय. केंदाळ आणि शेवाळ हे एकाच ताटात जेवणारे दोन भाऊ आहेत. एकाला उठविले की दुसरा बसतो. रंकाळ्यात मिसळणारे नाले वळविण्याचा प्रश्नच तेथे पुनःपुन्हा ऐरणीवर आला, तो याचमुळे. हिरव्या-निळसर शेवाळाच्या काही जाती विषारी द्रव्येही सोडतात. असा तवंग धरलेल्या पाण्यावर गुरे पाजू नयेत.

तुमच्या तळ्यात किती अन्न साठले आहे, हे जाणण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. केंदाळाचे एक रोप उपटून पाहा. पाने हातभर उंच, गर्द हिरवी आणि मुळे आखूड असतील, तर पाण्यात खत भरपूर आहे. रोपाला ते शोधावे लागत नाही. रोप खुजे आणि मुळांच्या झिपऱ्या लांब असतील, तर पाणी त्या मानाने स्वच्छ आहे.

उपायांचा विचार करताना लोकांच्या मनात प्रथम येते ते तणनाशक. फवारा मारला की आठ-दहा दिवसांत केंदाळ करपते, हे खरे. पण करपलेले केंदाळ जाते कोठे? तेथेच बुडते, तेथेच कुजते आणि त्यातील सारे खत पाण्याला परत देते. मासे मरतात ते बहुधा अशा वेळी. आणि निपाणी भागाला तर याहून मोठे भय आहे. उसातील रुंद पानांच्या तणांसाठी आपण जे टू-फोर-डी वापरतो, तेच केंदाळावरही मारले जाते. आणि तंबाखू हे त्या औषधाला अत्यंत हळवे असे पीक आहे. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनी किंवा तसले पाणी रोपांना दिल्याने पाने वेडीवाकडी होतात. तळ्यावरचा फवारा शेजारच्याच्या तंबाखूवर जाऊन बसला, तर ते भांडण कोर्टापर्यंत जाईल! गावतळ्यात तणनाशक मारू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा उपाय किड्यांचा. केंदाळावरच जगणारा निओचेटिना नावाचा अर्ध्या सेंटिमीटरहूनही लहान भुंगेरा दक्षिण अमेरिकेत आहे. तो दुसऱ्या पिकांना लागत नाही याची खात्री करून घेऊन १९८३-८४ च्या सुमारास बंगळूर परिसरातील तळ्यांत सोडण्यात आला. हेस्सरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे हे काम. भुंगेरा पाने कुरतडतो, त्याची अळी देठ पोखरते आणि रोप हळूहळू खचते. हेब्बाळच्या तळ्यात दोन-तीन वर्षांनी त्याचा उत्तम परिणाम दिसला. पण दोन-तीन वर्षे धीर धरणारी पंचायत मिळणे भुंगेऱ्यापेक्षा दुर्मिळ! शिवाय जेथे गटाराचे खत अमाप मिळते, तेथे केंदाळ किड्याच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. गवत्या मासा सोडण्याची सूचनाही कोणी करतात. हा मासा १९५९ साली भारतात आणला गेला. तो पाण्याखालची मऊ वनस्पती आवडीने खातो, केंदाळाला सहसा तोंड लावीत नाही.

तेव्हा राहतो तो हाताने वा यंत्राने काढण्याचा मार्ग. तो जुना आहे, कष्टाचा आहे, आणि योग्य रीतीने केल्यास सर्वांत चांगला आहे. कारण केंदाळाबरोबर त्याने खाल्लेले खतही तळ्याबाहेर येते. एक एकर दाट केंदाळाचे वजन सुमारे शंभर टन भरते. त्यातील पंचाण्णव टन निव्वळ पाणी. उरले पाच टन कोरडे. त्यात दोन टक्के नत्र धरले तरी शंभर किलो नत्र झाले, म्हणजे युरियाची जवळजवळ पाच पोती. हा ऐवज तळ्यातून बाहेर काढून शेतात नेला, तर तळ्याचे भले आणि शेताचेही.

आपल्याकडे नेमके येथेच घोडे अडते. केंदाळ काढतात आणि तळ्याच्याच काठावर ढीग घालतात. पहिल्या पावसात ढिगाचा काळा रस परत तळ्यात उतरतो आणि खालची ओली रोपे पुन्हा जीव धरतात. अशा कामाचे बिल देऊ नये, असे मी म्हणेन. केंदाळ बांधापलीकडे, उताराच्या उलट बाजूस न्यावे. चार-सहा दिवस उन्हात पसरून सुकवावे, म्हणजे वाहतुकीचे ओझे फारच कमी होते. मग तुकडे करून शेणकाल्याबरोबर खड्ड्यात थर द्यावेत. फुले आलेले केंदाळ खड्ड्यात नीट तापून कुजू द्यावे, नाहीतर बी वाचते. त्यासाठी फुलोऱ्यापूर्वीच काढणे उत्तम. शहराच्या किंवा कारखान्याच्या गटारावर पोसलेले केंदाळ मात्र भाजीपाल्याच्या खतासाठी वापरू नये, कारण ही वनस्पती पाण्यातील जड धातूही शोषून घेते.

काम उन्हाळ्यात, पाणी कमी असताना करावे. केंदाळ दोराने काठाकडे ओढून दाताळ्यांनी बाहेर घ्यावे. श्रमदानाच्या उत्साहात शाळकरी मुलांना गाळात उतरवू नये. गाळ किती खोल आहे याचा अंदाज येत नाही, केंदाळात साप असतात, आणि अंगावर जखम असलेल्याला अशा पाण्यातून दुखणी जडतात.

हे झाल्यावर गटाराकडे वळावयाचे. बेळगावच्या दक्षिणेकडील तांबड्या जांभ्याच्या जमिनीत घरोघरचा शोषखड्डा चांगले काम देतो. निपाणीकडच्या काळ्या चिकण जमिनीत मात्र तो लवकर तुंबतो. तेथे सांडपाणी परसातील केळी-अळूला देणे बरे, आणि उरलेले पाणी तळ्यात शिरण्यापूर्वी दोन टप्प्यांत अडवावे. पहिल्या खड्ड्यात गाळ बसू द्यावा. दुसऱ्या उथळ चरात खडी घालून कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. त्यांची मुळे पाण्यातील खत बरेचसे उचलतात. पण ही झाडे दर वर्षी कापून न्यावी लागतात आणि पहिला खड्डाही उपसावा लागतो. तो उपसला नाही, तर पाणी जसेच्या तसे पुढे जाते. म्हशींना तळे सरसकट बंद करावे असे मला वाटत नाही. म्हशीला पाण्यात डुंबणे हवेच. तिच्यासाठी एका बाजूला फरसबंद उतार करून द्यावा. गणपती विसर्जनासाठी वेगळा हौद करण्याची सवय आता पुष्कळ गावांना लागली आहे, ती गावतळ्यांनाही लागू करावी आणि निर्माल्य पाण्यात न टाकता खड्ड्यात घालावे.

हे सर्व पाहणार कोण? जुन्या म्हैसूर भागात तळ्याच्या तूंबावर नीरगंटी नावाचा माणूस असे. पाणी केव्हा सोडावयाचे, कोणाला किती द्यावयाचे, हे त्याच्याकडे, आणि त्याबद्दल त्याला धान्य मिळे. बेळगावातही एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खणली गेली. तिला पंपा सरोवर असे नाव दिले होते. लोक तिला आजही काँग्रेस विहीर म्हणतात. नळ आल्यावर शहरातील जुन्या विहिरी विस्मृतीत गेल्या. पुढे टंचाईने गाठले, तेव्हा त्या पुन्हा उपसाव्या लागल्या. तळे तर विहिरीहून मोठे. ते एकदा गाळाने भरले तर उपसणे गावाच्या आवाक्यात राहत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सुचवितो. तळ्यातील मासेमारी लिलावाने दिली जाते. ठेकेदाराला मासे लवकर वाढावयास हवे असतात, म्हणून काही जण कोंबडीखत आणि शेण पाण्यात ओततात. त्यात त्यांचा फायदा, केंदाळाचाही फायदा. लिलावाच्या अटींतच बाहेरचे खत घालण्यास मनाई लिहावी, आणि ठेक्याच्या रकमेचा ठरावीक हिस्सा तळ्याच्या राखणीसाठी वेगळा ठेवावा. त्यातून एका माणसाला महिन्यातून चार सकाळींची मजुरी सहज देता येईल. त्याने एक पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि किती खोलीवर ती दिसेनाशी होते ते वहीत लिहून ठेवावे. इटलीतील सेक्की नावाच्या शास्त्रज्ञाने १८६५ साली वापरलेली ही रीत आजही जगभर चालते. थाळी वीतभर खोलीवरच दिसेनाशी होऊ लागली, तर गटाराचा खड्डा भरला आहे का ते आधी पाहावे.

मृगाच्या पहिल्या दोन सरी झाल्या की याच माणसाने काठाकाठाने एक फेरी मारावी. उघड्या गाळात नखाएवढ्या गोल पानांची कोवळी रोपे दिसतील. त्या आठवड्यात ती मुळासकट उपटली, तर सबंध तळ्याची मिळून दोन-चार टोपल्या भरतील. दसऱ्यापर्यंत थांबले, तर त्याच कामाला ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या मागवाव्या लागतील.